तीन फुल्या

सेवापुस्तिकेचं शेवटचं पान.
विषय : वाक्-विज्ञान. वर्षे : एकतीस.
खाली सही करायची, तर पेन अडलं,
म्हणून हे आधी.

जळगावात रुजू झाले तेव्हा
माझ्याकडे पुण्यात छापलेली एक चाचणी होती,
चित्रांचे पुठ्ठे, आरसा, जीभ दाबायची लाकडी पट्टी.
पहिल्याच महिन्यात यावलकडचं एक पोरगं आलं, सहा वर्षांचं.
चित्र दाखवलं. म्हणालं, केयी.
डोळा? डोया.
गूळ? गूय.
मी तीन लाल फुल्या मारल्या
आणि आईला सांगितलं, दर मंगळवारी आणा.
ती म्हणाली, 'कोन्त्या मंगयवारपासून, बाई?'

हसू नका. मीही हसले नव्हते.
सात मंगळवार, दोन एसट्या बदलून येणाऱ्या त्या पोराची
जीभ मी टाळूकडे वळवत बसले.
आठव्याला ते आलं नाही.
घरी त्यानं बापाला दुरुस्त केलं होतं म्हणे,
आणि बापानं एवढंच विचारलं,
'मंग मी बी चुकतो काय?'

नंतरची वर्षं कागदावर बरी दिसतात.
प्रबंध, समित्या, भिंतीवर दोन ढाली.
खरं काम झालं ते पाच नंबरच्या वॉर्डात,
जिथं चार शाखांची पोरं मी एका खाटेभोवती उभी केली
आणि डीनसाहेब म्हणाले, मॅडम, ही कसली जत्रा?

खाटेवर डिगंबर नेहेते, सावद्याचे.
वखारीवर केळीचा भाव पुकारण्यात हयात गेलेली.
उजवी बाजू गेली, बोलणं गेलं,
उरलं फक्त 'सतरा'.
पाणी हवं : सतरा. बायको आली : सतरा.
रात्री रडताना पण, सतरा, सतरा.

फिजिओच्या दिलवर पावरानं उशा लावून पाठ सरळ केली.
डॉक्टर होऊ घातलेल्या दोघी नळीवरून वाद घालत होत्या.
मी गिळण्यावर बोलत होते,
म्हणजे कुणीच ऐकत नव्हतं.
नर्सिंगच्या शमीम तडवीनं
कुस्करलेलं केळं चमच्याच्या टोकावर घेतलं,
माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
'आबा, हे काय हाये?'

घाटी वर गेली. खाली आली.
आम्ही सगळे खोकल्याची वाट पाहत होतो.
खोकला आला नाही.
'केयी,' ते म्हणाले.
मग शमीमला नीट न्याहाळून, गिऱ्हाईकाला सांगावा तसा भाव :
'सतरा.'

दिलवर नोंदवहीवर वाकला होता.
उच्चाराच्या रकान्यात काय लिहू, मॅडम?
ऐकलंस ते.
बरोबर की चूक?
त्या पानावर पाच जणांच्या सह्या आहेत,
तो रकाना कुणी भरलेला नाही.

त्या पोराचं कार्ड मी फाडलं नाही.
दर जूनला पहिल्या तासाला बाकांवरून फिरवते,
चूक शोधा म्हणते.
बहुतेक जण पोराची शोधतात.

शमीम आता चोपड्याला शिकवते. तिनं ते मागितलंय.
देईन.
अजून कपाटातच आहे.