तंबाखू : नाही

रास्ता पेठ. तळघर. दुपारचे चार.
एकशे बारावी फाईल :
हौसाबाई धिवार, वय सत्तेचाळीस,
मुक्काम जनता वसाहत.
संगणकात वजन पाच पूर्णांक दोन किलो.
हसू आलं. टिंब काढलं,
कागदावरचं बावन्न ठेवलं,
शेरा लिहून सही केली.

तंबाखू : नाही.
कागदावरही नाही. जुळतंय.
पान उलटायला हरकत नव्हती.

पण समासात, पेन्सिलीनं,
कुण्या सिस्टरचं तिरपं अक्षर :
मिश्री लावते. दोन्ही वेळा.
विचारलं की पदर तोंडाला.

मिश्रीला रकाना नाही.
अपूर्ण म्हणावं, तर सगळं भरलंय.
चूक म्हणावं, तर बाई
खोटं बोललीच नव्हती.

चहावर साय धरली.
जुळलेल्या एकशे अकरा फाईली
मी रॅकवरून
पुन्हा उतरवायला घेतल्या.