होता तसा

द्वारकेच्या पुलाखालून आत, बोळाच्या टोकाला
यासीनभाईंचं शेड. बाकावर कॉन्टेसाचा ब्लॉक,
चार भोकं वर करून
ट्यूबलाइटकडे बघत बसलेला.

"सांग ताई," हात रॉकेलात बुडवून ते विचारतात,
"स्ट्रोक वाढवू, की होता तसा?"

अंबडला कंपनीत मी रोज मापं घेते.
लोकांचे पिस्टन पास-नापास करते
मायक्रॉनवर. आणि इथं
दोन रविवार गेले, उत्तर सुचत नाही.

वाढवला, तर पिस्टन अजून खाली उतरेल,
मोठा घोट घेईल.
कसाऱ्याला गिअर पाडायला नको,
पाय नुसता टेकवला की इगतपुरी.
पण रॉड तिरका चालतो. भिंत एका अंगाला झिजते.
"आणि हा ब्लॉक गेला," यासीनभाई बोटानं ठोकून दाखवतात,
"तर दुसरा आणू कुठून? भद्रकालीतल्या भंगारात
आता फक्त फ्रिजचे कॉम्प्रेसर."

होता तसा, तर बोअर तीस थाऊ,
नव्या रिंगा, होनिंगची बारीक फुल्या-फुल्यांची नक्षी,
आणि तो जुना जड आवाज,
ज्याला गल्लीतली कुत्रीसुद्धा उठत नसत.

नाना म्हणायचे, कंपनीचं ते कंपनीचं.
टेपसुद्धा बदलू दिला नाही.
आईनं पुढच्या सीटला क्रोशाचं कव्हर घातलं
तर आठवडाभर अबोला.

तिसऱ्या रविवारी हाइट गेज घेऊन गेले.
क्रँक व्ही-ब्लॉकवर. पिन वर असताना एक माप,
खाली असताना एक. वजाबाकी.
पुस्तकात ब्याऐंशी.
माझ्याकडे चौऱ्याऐंशी पॉइंट एक.

परत घेतलं.
चारही पिनांना तेच.

यासीनभाईंनी चष्मा पुसला, पिनेवरून नख फिरवलं.
"घासलीय. नुसती घासली नाही, सरकवून घासलीय.
असं काम सातपूरला एकच माणूस करायचा. गांगुर्डे."

गांगुर्डे!
दर दिवाळीला सोनपापडीचा डबा घेऊन येणारे,
ज्यांची ओळख नानांनी आम्हाला
एलआयसीवाले म्हणून करून दिली होती.

आता आठवतं: आम्ही सात जण,
पायाशी द्राक्षांच्या पेट्या, कसारा टॉपमध्ये,
मागे राहिलेल्या ट्रकला आरशात बघून
नाना मिशीत म्हणायचे, "कंपनीचं इंजिन!"

"होता तसाच ठेवा," मी म्हणाले.

यासीनभाईंनी रॉकेलातून हात काढला,
निथळू दिला.
"कुणाचा होता तसा?
कंपनीचा, की तुझ्या नानांचा?"

गेज पुसून मी पेटीत ठेवला.
सोमवारी आठच्या आत तो
कपाटात परत जायला हवा, सही न करता आणलेला.