बिळातले दोघे

बापट कॅम्पात औंदा पहिली ऑर्डर
गणपतीची नव्हती.
शाळेच्या चौगुलेबाई फोटो घेऊन आल्या.
मांजराएवढं जनावर, आखूड पाय,
नाव थ्रिनॅक्सोडॉन.
माझ्या जिभेला ते पेलंना.
म्हटलं, बाई, आम्ही ह्याला थिना म्हणू.

पंचवीस कोटी वर्षं झाली म्हणे.
तवा जोतिबाचा डोंगर नव्हता,
पंचगंगा नव्हती,
तिला मिळणाऱ्या पाचांतली एकपण नव्हती.

सरपटणारं हाय का?
नाही.
मग आपल्यातलं?
अजून नाही, बाई म्हणाल्या, पण वाटेवर.

कान कुठं लावू?
बाहेरचे कान नव्हते.
पुढं आपल्या कानात गेली ती हाडं
तवा अजून जबड्यातच होती.
चावायचं बी त्यानंच, ऐकायचं बी त्यानंच.
आमची सखू शाडू मळता मळता म्हणाली,
म्हंजे जेवताना ऐकू येत नसणार. तुमच्यागत.

आणि मिशा?
नक्की नाही.
नाकाच्या हाडाला बारीक छिद्रं हायत, एवढंच.
मी काथ्याची एक शीर खोवली,
काढली,
परत खोवली.

मग बाईंनी दुसरा फोटो काढला.
तेच बीळ, दगड झालेलं.
दगड न फोडता यंत्रातनं आत बघितलेलं.
थिना झोपलाय,
आणि त्याला चिकटून बेडकाच्या गोतातलं एक,
फासळ्या मोडलेलं, जुनं दुखणं.
ते आत शिरलं.
ह्यानं हाकललं नाही.
का? कळलंच नाही, का कळून गप राहिला?
हाडं तेवढं सांगत नाहीत, बाई म्हणाल्या.
मग पूर आला, गाळ भरला.

एकोणीसला आमच्या गल्लीत पाणी चढलं
तवा मी माळ्यावर होतो.
खाली सव्वाशे मूर्ती विरघळत होत्या,
आधी हात, मग सोंडा.
समोरच्या तुळईवर एक धामण.
चार रात्री.
बॅटरी मारली की तिचे डोळे दिसायचे,
म्हणून मी बॅटरी मारायचं सोडलं.
लोक म्हणतात, तात्या, दया केलीस.
दया कसली.
जागाच तेवढी हुती.

आता दोघांना एकाच पाटावर बसवलंय.
मधी बोटभर अंतर ठेवलंय.
ओल्या मातीत ते जास्त वाटतं.
वाळताना माती आवळते,
कमी होईल.