आधी आर, मग यू

देगलूरच्या बसस्टँडमागं
शेटेंच्या भुसार दुकानावर पत्र्याची खोली.
तिथं अकरा वर्षं मी फळ्यावर हे वाक्य लिहिलं :
व्हाय यू आर लेट?
खाली रेघ. दोनदा म्हणा.
पोरं म्हणायची, एका सुरात,
खाली हमाल पोतं खांद्यावरच ठेवून
ऐकत थांबायचे.

परवा सुमय्या शिलाईचं काम आटपून
नेहमीसारखी पावणेसातला आली,
बोटाला दोरा तसाच गुंडाळलेला.
मी विचारलंच : व्हाय यू आर लेट?
चप्पल काढता काढता ती म्हणाली,
सर, आर आधी येतं ना? व्हाय आर यू.
हैदराबादहून मावसभावानं फोनवर सांगितलं म्हणे.
मी म्हटलं, दोन्ही चालतं.

दोन्ही चालत नाही.
रात्री ट्रंकेतून व्याकरणाचं पुस्तक काढलं,
माझंच, बी.ए.चं. पान एकशे बारा.
समासात पेन्सिलीची खूण, तीही माझीच.
म्हणजे एकदा ठाऊक होतं मला
की प्रश्न विचारायचा तर क्रियापद उठवावं लागतं,
पंगतीत जावयाला पुढं सरकवतात
तसं ते कर्त्याच्या पुढं बसवावं लागतं.

आपल्याकडं अशी उठबस नाही.
तुला ताप आला, तुला ठसका लागला, तुला उशीर झाला.
माणूस नुसता तिथं असतो.
माय विचारायची, कामून उशीर झाला रं?
तेव्हा जबाब उशिरानं द्यायचा,
मी आपला रांजणाजवळ पाय धूत उभा.
पलीकडं मदनूरला उशिराला आलस्यम म्हणतात.
बाजारात कानावर पडलं की वाटतं
आपल्याला आळशी म्हटलं कुणीतरी.
इंग्रजी त्याच्याही पुढची. यू आर.
ताप नाही, ठसका नाही,
तू.

झोप आली नाही.
शिवकांता बिरादार नर्सिंगला गेली,
ड्यूटी बदलताना कुणाला तरी विचारलं असेल तिनं.
मुखेडचे ते दोघे भाऊ, कुरियरवाले,
रोज विचारत असतील.
महिना तीनशे रुपये घेऊन मी किती दारांत
हे उलटं वाक्य उभं केलं?
आणि नागनाथ. सिकंदराबादला हॉटेलात काउंटरवर लागला,
तिसऱ्या आठवड्यात परत आला,
का ते कधी बोलला नाही.

सकाळी त्याला फोन लावला.
बिलोलीत मोबाइलचं दुकान टाकलंय त्यानं.
मी सगळं सांगितलं, आर, यू, पान एकशे बारा.
तो बराच वेळ हसला.
सर, वाक्यासाठी नाही काढलं मला.
मी खरंच उशिरा जायचो.
मग म्हणाला, चार्जर लागला तर सांगा, होलसेलनं देतो.

त्या दिवशी खोलीची किल्ली सापडेना.
सदऱ्याच्या खिशात, ट्रंकेत, पुस्तकात,
शेवटी पान एकशे बाराला होती,
खूण म्हणून मीच ठेवलेली.
पोचलो तेव्हा पावणेसात होऊन गेले होते.
जिन्यावर सगळी ओळीनं बसलेली,
सुमय्या सगळ्यांत वर,
आज ती वेळेवर.
तिनं माझ्याकडं पाहिलं, ओठांत एकदा जुळवलं,
आणि अगदी हळू, आर पुढं, यू मागं,
व्हाय आर यू लेट, सर?

बरोबर, मी म्हटलं. शंभर टक्के बरोबर.
ती तशीच बघत राहिली.
तेव्हा लक्षात आलं, तिला उत्तर पाहिजे होतं,
आणि अकरा वर्षांत उत्तराचं वाक्य
मी कुणालाच घातलं नव्हतं.

बिकॉज,
एवढं म्हणून मी किल्ली कुलपात फिरवायला लागलो.
खाली कुणीतरी तुरीचं पोतं टाकलं,
जिना थोडा हलला.