शेरा

खिडकीपासून फ्रीज बावीस पावलांवर होता.
बदली होऊन आलो त्याच दिवशी मोजली,
मग सरकवला. आता सात.
मीठ-साखरेच्या पुड्या खाली, हाताशी,
लोहाच्या गोळ्या उजवीकडे,
आधी संपणारी तारीख पुढे, नंतरची मागे.
अकराची रांग आता साडेबाराला संपते,
सिस्टर मडावी डबा गरम असताना खातात,
म्हाताऱ्यांना दुपारची एसटी सापडते.

म्हणजे काटकसर मला कळत नाही, असं नाही.

वैरागडे साहेब नागपूरहून आले ते आषाढात,
बांध्यांत रोवणा चालू असताना.
त्यांच्या लॅपटॉपवर आमचं रुग्णालय
एका तक्त्यात मावलं होतं,
हिरवं, हिरवं, पिवळं, हिरवं,
आणि एक चौकट लाल:
सर्पदंश इंजेक्शन, शिल्लक साठ, वर्षाचा खप चौदा.
“पडून राहिलेला माल म्हणजे पडून राहिलेला पैसा.”
चांगला माणूस. चहाचे पैसे स्वतः दिले.
“वीस ठेवा, चाळीस जिल्ह्याला पाठवा.
लागली तर मागवता येतात.”

येतात ना.
गाडी येते सत्तर किलोमीटरवरून,
नाल्याला पूर नसेल तर,
सही करणारा सुटीवर नसेल तर.
परड काही मागणीपत्राची वाट बघत नाही.

हे मी बोललो नाही.
“करतो सर” म्हणालो
आणि संध्याकाळी शालिककडे गेलो.

शालिक बोरकुटे राइस मिलमध्ये फिटर.
त्याच्या मशीनमागे खुंटीला एक पट्टा टांगलेला,
सहा वर्षं तसाच,
कोंढ्याची धूळ बसून भिंतीच्याच रंगाचा झालेला.
दर दिवाळीला, हिशेबाच्या दिवशी,
शेठचा पोरगा विचारतो, हा पट्टा काय कामाचा?
“मी सांगतो, काहीच नाही जी.
टांगून राहाचं, हेच त्याचं काम.”
मग बिडी विझवत मलाच विचारलं,
“आमचा पट्टा तुटला त तांदूळ थांबते.
तुमचा तुटला त का थांबते?”

मी सुगंधा कोवेचं नाव घेतलं नाही.
ती मागच्या ठिकाणची गोष्ट.
परे उपटताना मनगटाला चावलं होतं,
दवाखान्यात पोचली तेव्हा रात्रीचे साडेनऊ.
तिथला साठा नेमका होता,
कागदाशी तंतोतंत जुळणारा: चार.
लागणार होत्या दहा.
बाकीच्या सहा गाडीत होत्या, वाटेत,
आणि ती दुसऱ्या गाडीत, उलट्या वाटेला.
त्या महिन्याचा आमचा अहवाल
पूर्ण हिरवा गेला.

चाळीस बाटल्या मी पाठवल्या नाहीत.
या खेपेला भुकटी नव्हती, पातळ औषध होतं,
म्हणजे फ्रीज आलाच:
दोन ते आठ अंश,
सकाळी एक नोंद, संध्याकाळी एक.
लाइट गेली की मी घरून निघायचो,
रात्री दोन वाजता सायकलवर,
बर्फाच्या पिशव्या बदलायला.
बायको अंथरुणातूनच विचारायची,
“कोन सिरियस हाये?”
“कुणीच नाही.”
“मंग?”

मंग काय.
भाद्रपदात दहा लागल्या, एकाच वेळी,
गुराख्याच्या पोराला.
बाबा फक्त पोराच्या पायाकडे बघत होता,
दहा पूर्ण झाल्याचं मी एकट्याने मोजलं.
मग धान निघालं, तणसाचे ढीग लागले,
थंडी आली, गेली.
मार्चअखेर उरलेल्या पन्नास मुदतबाह्य झाल्या.

पत्र आलं.
सदर नुकसानीची रक्कम
आपल्या वेतनातून का वसूल करू नये?
सोबत तक्ता जोडला होता:
औषधाचं नाव, बॅच, नग, किंमत.
शेवटचा रकाना अरुंद, दोन बोटांएवढा:
न वापरण्याचं कारण.

दुपारभर ती जागा कोरी ठेवली.
आठ कारणं कच्च्या कागदावर लिहून पाहिली,
सगळी लांब, सगळी नियमात बसणारी.
मग रांग संपल्यावर, खिडकी लावून,
निळ्या पेनाने बारीक अक्षरात लिहिलं:
साप आले नाहीत.

खाली सही केली. तारीख टाकली.
फ्रीजचा काटा बघितला. पाच.