चुना

सेलूत, मोंढ्याच्या मागं माझा दवाखाना.
खुर्चीत लिंबाजीमामा, नवरंग बँडचे क्लॅरिनेटवाले.
"लैच ठणकायलंय, बाई. पण काढू नका.
पुढचा दात गेला की सूर फुस्स."

दात उघडला. सुईच्या वाटेनं
हायपोक्लोराइट सोडलं, थेंब थेंब.
मामांच्या नाकपुड्या हलल्या. "आज नळ यायचेत काय?"
टाकीत ब्लिचिंग पडतं, तोच वास.

एवढ्यानं सगळे जंतू मरत नाहीत.
एक जात असते, मुळाच्या भिंतीत शिरून
महिनोन्‌महिने उपाशी बसते,
कुणीतरी कधीतरी काही आणील म्हणून.
तिच्यासाठी हा पांढरा लेप.

"हे काय भरलं?"
"चुना."
मामा हसले, खिशातली डबी चाचपली.
"ह्यो तर मी चाळीस वर्षं भरायलो."

तोच, मामा. फक्त स्वच्छ, मोजून घेतलेला.
तोंडी परीक्षेत सरांनी याचाच पीएच विचारला होता.
साडेबारा. तेव्हा आठवेना.
आठवलं ते अण्णांचं बोट,
परभणी स्टेशनसमोर पानं लावून लावून
टोकाला सोललेलं, पांढरं.
माझी फी त्याच बोटानं मोजली.

"आठ दिवसांनी या. तोवर वाजवायचं नाही."
"रविवारी वरात हाय, इथलीच."
"मामा."
"बरं."

रविवारी खिडकीखालून वरात गेली.
ढोल, ताशा, मग क्लॅरिनेट.
वरच्या सुरावर जरा चिरकली,
थांबली नाही.
मी उगाच दिवस मोजले. चौथा.
चुना अजून ओला असेल आत.