नावाखालचं नाव

कंपनीची मेल आली तेव्हा मी तिसऱ्या रेल्वे गेटपाशी
स्कूटर बंद करून उभा.
'लिटल मेरिडियन' सेवेतून निवृत्त.
बाकीच्या बोटी हलवल्या : दोन अलास्काला, एक नॉर्वेला,
आणि तुम्ही, श्री. भरमा मुतगेकर, डेक विभाग,
बारा तारखेला बार्सिलोना,
नवं जहाज, प्रवासी पाच हजार.
मालगाडी लांबलचक होती.
डबे मोजायचे सोडून मी तेवढंच चार वेळा वाचलं.

नऊ वर्षं होतो तिच्यावर.
तीनशे माणसांची बोट. आमच्या वडगावात
बारशाला याहून जास्त पानं उठतात.
पण छोटी म्हणून छोट्या बंदरात शिरायची,
मोठ्या बाहेर ताटकळायच्या,
आणि धक्क्यावरची पोरं तिला नावानं हाक मारायची.

त्याआधी मी खडेबाजारात बोर्ड रंगवायचो.
वर कन्नड मोठं, खाली मराठी, कडेला इंग्रजी.
मग नियम बदलायचा,
मग रात्री कोणीतरी काळं फासायचं,
मग सकाळी दुकानदार मला हाक मारायचा :
"घाईत लिही रे, परत पुसणारच हाईत."
मी मात्र वेलांटी पूर्ण वळवायचो.
भांडण कुणाचंही असो, डबा माझा संपायचा.
हाताला दोन्ही लिप्या येतात.
तोंडानं एकीत रडतो, दुसरीत भाव करतो.

बोटीवर गेलो तर तिथंही तेच की!
नाळेवर तिचं नाव. त्या रंगाखाली
वेल्डिंगनं उठवलेलं जुनं नाव : दोन्या क्लारा.
आणि ऊन तिरपं आलं की त्याच्याही खाली : इंगेबोर्ग.
मालकांनी घासून काढलेली,
लोखंडानं काही सोडली नव्हती.
दोराच्या पाटावर लोंबकळत
मी ती बोटांनी वाचायचो.
वर पांढरा, मग निळा,
मग बाटलीचा हिरवा,
आणि सगळ्याखाली शेंदरी, म्हसोबाला असतो तसला.

बायकोनं विचारलं, "बोट गेली, मग तुमचं नाव काढलं काय?"
म्हटलं, माझं दुसरीकडे चिकटवलंय.
ऐकतो की नव्या जहाजावर नाव स्टिकरचं असतं.
सोलून काढलं की खाली काहीच नाही.

गुडघ्यामुळं मेडिकल अडकलं. बारा तारखा
दोन आल्या, गेल्या, तिसरीही गेली.
दिवाळीनंतर मेव्हणा सातेरी म्हणाला,
"दाजी, उद्यमबागला या. भावनगरहून ट्रक आलाय,
बोटीचं पत्रं हाय म्हणत्यात."

फाउंड्रीच्या आवारात चिरलेल्या पत्र्यांचा ढीग,
समुद्र शंभर किलोमीटरवर, आणि घाट मधे.
एक तुकडा ओढला. किल्लीनं खरवडला.
पांढरा. निळा.
हिरवा.
हात थांबला. मग पुढं खरवडला.

"तुमचीच काय?" सातेरी.
"काय सांगू? असे थर शंभर बोटींना असतील."
"वितळली की पंपाची बॉडी करतो आम्ही.
कुठल्या तरी विहिरीत जाईल."
"म्हणजे पाण्यातच की."
तो हसला. मी नाही.

हीट नंबर टाकायचा खडू फळीवर पडला होता.
उचलला. पत्र्यावर लिहिलं, इंगेबोर्ग,
आधी मराठीत, खाली कन्नडमध्ये.
कन्नडमध्ये ओकार जरा घसरला,
तो थुंकीनं पुसून परत काढला.
"अहो, भट्टीतच जाणार ते," सातेरी ओरडला,
"कशाला एवढं नीट?"

वरून मॅग्नेट उतरत होता.
मी बाजूला सरलो,
आणि सरताना दिसलं,
गो-च्या काना-मात्रेत अंतर जरा जास्त पडलंय.